समर्थांची बाग कुंपणापासून सुरू होते

वाचकहो, एक छोटी परीक्षा घेऊ या. उद्या सकाळी रानात गेलात की बांधावर उभे राहा आणि डोळ्यांना दिसतील तेवढ्या झाडाझुडपांची नावे मोजा. ऊस धरायचा नाही, गाजरगवत आणि घाणेरीही धरायची नाही. दहा नावे झाली तर तुमचा बांध अजून जिवंत आहे असे समजा. वीस झाली तर घरातले कुणी तरी म्हातारे माणूस अजून रानात फिरते आहे, हे न सांगताही कळेल.

आता दुसरी गोष्ट ऐका. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याच कृष्णा खोऱ्यात वावरलेल्या एका गोसाव्याने अशी नावे लिहून ठेवली आणि ती दोनशेच्या वर भरली. त्यांच्याजवळ सात-बारा नव्हता, बैलजोडी नव्हती, संसारही नव्हता. त्यांचे नाव समर्थ रामदास. दासबोध लिहिणारे, अकरा मारुती स्थापन करणारे, सज्जनगडावर देह ठेवणारे समर्थ आपल्याला ठाऊक आहेत. पण बाग कशी लावावी, तीत काय काय असावे, याची पद्यात यादी करणारे समर्थ फारसे कुणाला ठाऊक नाहीत. 'बाग प्रकरण' हे त्या रचनेचे नाव.

समर्थ मूळचे आपल्याकडचे नव्हेत. त्यांचा जन्म 1608 साली रामनवमीला, गोदावरीच्या भागातल्या जांब गावी झाला. ते आजच्या जालना जिल्ह्यात येते. घरचे आडनाव ठोसर, नाव नारायण, वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून ते पळाले, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत असते, म्हणून ती पुन्हा सांगत बसत नाही. तिथून ते नाशिकजवळ टाकळीला गेले आणि बारा वर्षे तिथे राहिले. पहाटे नदीच्या पाण्यात उभे राहून जप, दुपारी भिक्षा, मग अभ्यास असा त्यांचा क्रम होता. टाकळीचा मारुती गोमयाचा, म्हणजे गाईच्या शेणाचा आहे. ज्या वस्तूने आपण अंगण सारवतो आणि जिचे खत शेताला घालतो, तिचाच देव केला. शेतकऱ्याला याचे नवल वाटायचे कारण नाही.

1632 च्या सुमारास ते टाकळीहून निघाले आणि पुढची बारा वर्षे देशभर पायी फिरले. हा काळ लक्षात घ्या. 1630 ते 1632 या सालांत दख्खनेत आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला होता. गावेच्या गावे उठली, माणसे अन्न अन्न करीत मेली. वर फौजांची धावपळ होतीच. अस्मानी आणि सुलतानी या दोन्हींवर समर्थांनी पुढे लिहिले, ते असे डोळ्यांनी बघितलेले होते. पायी चालणाऱ्या माणसाला जमीन जशी कळते तशी घोड्यावरच्याला कळत नाही. कोणत्या माळावर काय उगवते, दुष्काळात कोणते झाड हिरवे राहते, कुठल्या काटेरी जाळीत खायचे फळ मिळते, हे चालणाऱ्याच्या पोटालाच आधी कळते. एवढी नावे त्यांनी कुठे गोळा केली असतील याचे उत्तर मला तरी या बारा वर्षांत दिसते.

1644 साली ते कृष्णाकाठी आले आणि मग इथलेच झाले. मसूर, शहापूर, उंब्रज ही कराड तालुक्यातली गावे, चाफळ, माजगाव, शिंगणवाडी ही पाटण तालुक्यातली. याच टापूत त्यांचा वावर राहिला. अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात, दोन सांगली जिल्ह्यात आणि दोन कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. शहापूरचा मारुती चुन्याचा. उंब्रजच्या मूर्तीत चुना, वाळू आणि ताग. म्हणजे नदीची वाळू आणि शेतातला ताग. गावात जे मिळाले त्यातून गावाचा देव उभा राहिला आणि गावाच्याच हाती राहिला.

चाफळला मांड नदीच्या काठी 1648 साली राममंदिर झाले. त्यातली मूर्ती सातारा तालुक्यात अंगापूरच्या डोहात, कृष्णेच्या पाण्यात मिळाली अशी परंपरा आहे. आज आपण पाहतो ते चाफळचे मंदिर मात्र 1967 च्या कोयना भूकंपानंतर नव्याने बांधलेले आहे. समर्थ स्वतः मठात कमी आणि रानात जास्त असत. डोंगरातल्या गुहांना आपल्याकडे रामघळ म्हणतात. पाऊस, झाडी आणि पाण्याचा आवाज यांत त्यांनी वर्षे काढली. दासबोधाचे लेखनही महाडकडच्या शिवथरघळीत झाले, 1654 च्या सुमारास. ऐन पावसाळ्यात कधी तिथे गेलात तर घळीच्या तोंडाशी कोसळणारा धबधबा बघा. त्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही.

आता त्या बागेकडे येऊ. बाग म्हटली की तुम्हा-आम्हाला काय आठवते? गुलाब, मोगरा, हिरवळ, फार तर एखादे आंब्याचे कलम. समर्थांची यादी सुरू होते काट्यांपासून! काटी आणि रामकाटी या बाभळीच्या जाती, नेपती, चिलार, सागरगोटी, हिंगणबेट, मग बोरींचे प्रकार, करवंद, तोरण, आळू. फळझाडे आणि फुलझाडे नंतर येतात. पहिल्यांदा मला वाटले, गोसाव्याला काट्यांचीच आवड. नंतर ध्यानात आले की हे तर कुंपण आहे. ज्याने कधी रोप लावले आहे त्याला हे लगेच पटेल. कलम लावून घरी गेलात आणि सकाळी शेरडांनी शेंडा खाल्ला, असे किती वेळा झाले? आधी वई, मग बाग. हा अर्थ माझा आहे, समर्थांनी तसे कुठे समजावून सांगितलेले नाही. पण यादीचा क्रम बघितला की दुसरा अर्थ सुचत नाही.

आणि ही नावे नुसती काट्यांची नाहीत बरे का. एकेक घेऊन बघा. सागरगोटी म्हणजे तीच, जिच्या राखाडी गोट्यांनी आपल्या आया-बहिणी ओसरीवर सागरगोटे खेळल्या. बाळगुटीत ती उगाळत. वेल असा काटेरी की त्यातून कुत्रेही शिरत नाही. चिलारीचे काटे वाकडे असतात, धोतर एकदा अडकले की फाडूनच सोडवावे लागे. पण पिवळ्या फुलांचे तुरे आले की मधमाश्यांचा नुसता गजर. हिंगणाच्या फळाच्या गराने बायका लुगडी धूत, कारण त्याला साबणासारखा फेस येतो. नेपतीला पाने जवळजवळ नसतातच. पाऊस नसलेल्या माणदेशी माळावर ती तग धरते आणि विटकरी फुलांनी फुलते. बोर, करवंद, तोरण, आळू ही तर रानातल्या पोरांची खाऊची दुकानेच. चैत्र-वैशाखात घरात भाजी नसली तरी करवंदाच्या जाळीत काही ना काही मिळायचे.

म्हणजे कुंपणच माणसाला, पाखराला, माशीला, सापाला आणि मुंगसाला पोसत होते. राखण फुकट, फळ फुकट, औषध फुकट. त्या बदल्यात शेतकऱ्याने काय द्यायचे? बांधाची हातभर जागा आणि वर्षातून एकदा कोयत्याने छाटणी. एवढाच व्यवहार.

तो व्यवहार आपण मोडला. सरकारला दोष देऊन यातून सुटका नाही. बांध कोरून कोरून उसाची एक सरी वाढवली, हे आपणच केले. कृष्णाकाठी उसाला भरमसाट पाणी पाजून वाळवा, मिरज भागातल्या जमिनी क्षारपड झाल्या, त्यात आपलाही हात आहे. जेसीबी आला आणि पन्नास वर्षांची करवंदाची जाळी दहा मिनिटांत उखडली गेली. तिथे सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आली. तारेवर बोरे लागत नाहीत. आणि मग झाडे लावायची हौस आली तेव्हा आपण काय लावले? गुलमोहर, जो मादागास्करचा. निलगिरी, जी ऑस्ट्रेलियाची. सुबाभूळ आणि गिरिपुष्प, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. या झाडांशी माझे वैर नाही. गिरिपुष्पाचा पाला खताला उत्तम आहे, हे ज्याने वापरला त्याला माहीत आहे. पण डोंगरच्या डोंगर त्यानेच भरले तर इथल्या पाखराने बसायचे कुठे आणि खायचे काय? घाणेरी अमेरिकेतून शोभेसाठी आली आणि आज आपली गायराने गिळून बसली आहे.

समर्थांना जमिनीविषयी काय वाटत होते ते दासबोधाच्या सोळाव्या दशकात सापडते. त्यातला तिसरा समास सगळाच्या सगळा पृथ्वीच्या स्तवनाचा आहे. त्याच दशकात पाणी, अग्नी, वारा यांवरही समास आहेत. सारे प्राणी हिच्याच आधाराने राहतात, हे सांगून ते आपण तिला काय देतो याचा हिशेब मांडतात. माणसे तिला भाजतात, नांगरतात, खणतात, तिच्यावर घाण करतात. आणि ती सगळे पोटात घालून पुन्हा पीकच देते. देवाची स्तुती करणारे संत पुष्कळ झाले. जमिनीला आपण काय त्रास देतो हे असे मोजून लिहिणारे थोडे. घर कसे बांधावे, वीट कशी करावी याविषयीही ते लिहितात. म्हणजे खणूच नका, भाजूच नका, असे त्यांचे म्हणणे नाही. घ्या, पण आपण काय घेतो आहोत ते डोळे उघडून बघा.

हीच गोष्ट त्यांच्या भिक्षेत दिसते. दासबोधात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. कुणी पुष्कळ वाढायला आणले तरी आपण मूठभरच घ्यावे, हा त्यातला शिरस्ता. एका घरचे ताट ओरबाडायचे नाही, दहा घरी मूठ-मूठ घ्यायचे. आणि गोळा झालेले धान्य पुन्हा उत्सवात गावाच्याच पंक्तीला वाढायचे. चाफळचा रामनवमीचा उत्सव अशाच गावोगावच्या शिध्यावर उभा राहिला. घराघरांत जाऊन मूठभर मागणाऱ्याला त्या घराची हालहवालही कळते. चूल पेटते की नाही, कणगीत काय आहे, सगळे.

अशाच एका भिक्षेच्या फेरीत त्यांना मिरजेत वेणाबाई भेटल्या. बालविधवा. तुळशीपाशी बसून एकनाथी भागवत वाचीत होत्या, अशी कथा आहे. त्या काळी विधवा बाईने ग्रंथ वाचणे हेच लोकांना खुपणारे. समर्थांनी तिच्या शंकांना उत्तरे दिली आणि पुढे मिरजेच्या मठाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. बाईने मठ चालवावा, कीर्तन करावे, ही सतराव्या शतकातली गोष्ट आहे. वेणाबाईंचा मठ मिरजेत आजही आहे. 1678 साली सज्जनगडावर त्यांचे देहावसान झाले, त्यांची समाधीही तिथेच आहे. मिरजेत गेलात तर दर्ग्याबरोबर आणि सतारीच्या दुकानांबरोबर तो मठही बघून या.

सांगली जिल्ह्यातली त्यांची दुसरी खूण म्हणजे वाळवा तालुक्यातले बहे. कृष्णेच्या पात्रात बेट आहे, त्यावर रामलिंग आणि मागे मारुती. रामाची पूजा चालू असताना नदीला पूर आला आणि मारुतीने दोन्ही हात पसरून पाणी अडवले, ही तिथली कथा. मूर्तीचा आविर्भावही तसाच आहे. 2019 आणि 2021 चे महापूर सोसलेल्या सांगलीकरांना ही कथा वेगळी वाटेल. पाणी अडवायला मारुती येईल तेव्हा येवो, पण काठ धरून ठेवायला करंज, वाळुंज, उंबर, जांभूळ ही मंडळी होती. त्यांची मुळे माती सोडत नसत. ती तोडून उसाची सरी आणि वीटभट्टी अगदी पाण्यापर्यंत नेली तर काठ ढासळणार, याला ज्योतिषी लागत नाही.

सांगली जिल्ह्यातला दुसरा मारुती शिराळ्याचा. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचे जंगल आहे. कोयना आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला त्यांत कास, कोयना, चांदोली आहेत. म्हणजे आपल्या दारातले रान जगाला मोलाचे वाटते. आपण मात्र कासला फुले बघायला जातो, मोटारीतून उतरतो, फोटो काढतो आणि घरी येऊन अंगणात फरशी घालतो.

1676 साली समर्थ परळीच्या किल्ल्यावर राहायला गेले. तोच सज्जनगड. किल्ला तीन वर्षे आधी, 1673 साली स्वराज्यात आला होता. 1678 मध्ये शिवाजी महाराजांनी चाफळच्या देवस्थानाला सनद करून दिली. त्या राज्याची झाडांविषयीची दृष्टी काय होती, हे पुढे 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवले. आरमाराला लाकूड लागले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, कारण ती झाडे तिने लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच लागले तर धन्याला राजी करून, दाम मोजून घ्यायचे. गडाच्या घेऱ्यातली झाडी तर राखायचीच. काट्याची दाट झाडी म्हणजे गडाचे कुंपणच की! बागेला जे लागते तेच गडालाही.

गडावर समर्थांची अखेरची वर्षे गेली. एप्रिल 1680 मध्ये शिवाजी महाराज गेले. पुढे दोन वर्षांच्या आत, माघ वद्य नवमीला, जानेवारी 1682 मध्ये समर्थांनीही देह ठेवला. तो दिवस आपण दासनवमी म्हणून पाळतो.

मोठ्या झाडांचे काय होते तेही सांगितले पाहिजे. मिरज तालुक्यात भोसे गावी यल्लम्मा देवीच्या मंदिरापाशी एक वड होता. वय चारशे वर्षे सांगत. म्हणजे समर्थ या भागात फिरले तेव्हा तो लहान रोप असेल. 2020 साली महामार्गाच्या कामात तो जाणार होता. गावकरी आणि तरुण पोरे उभी राहिली, ओरड मुंबईपर्यंत गेली आणि रस्ता थोडा बाजूने घेण्याचे ठरले. पण 2022 साली तो वड कोसळला. लोक रडले, हे खोटे नाही. रस्त्याच्या कडेचे असे कितीतरी वड-पिंपळ कुणी न रडताच गेले. वडाचे एक बरे आहे, त्याची हाताएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तर ती जगते. पहिली दोन वर्षे गुरांपासून राखायची. कशाने राखायची, ते वर आलेच आहे.

ज्यांना वई लावून बघायची आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगतो. करवंदाचे बी साठवून ठेवू नका, ते लवकर मरते. मे-जूनमध्ये पिकलेले करवंद खाल्ले की बी धुऊन सावलीत सुकवा आणि त्याच आठवड्यात मातीत घाला. बोराची आठळी हलक्या हाताने फोडून आतले बी लावले तर लवकर उगवते. सागरगोट्याचे कवच दगडासारखे असते. खरखरीत दगडावर एका बाजूने घासा, पांढरट दिसू लागले की रात्रभर पाण्यात ठेवा आणि फुगलेले बी पहिल्या पावसात बांधावर टोकून द्या. चिलारीचेही बी असेच घासून भिजवा. पहिल्या वर्षी काहीच दिसणार नाही, शेजारी हसतील. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्यातून शेरडू शिरणार नाही.

बी विकत आणायची गरज नाही. दासनवमीला सज्जनगडावर जाल तेव्हा काटेसावर लाल फुलांनी भरलेली असते आणि खाली उरमोडीचे पाणी चमकत असते. तेव्हा एक दिवस आपल्याच शिवारातल्या ओढ्याकाठची उरलेली झाळकांडे धुंडाळा. सागरगोट्याच्या काटेरी शेंगा वाळून त्या सुमारास उकलू लागतात. एका वेलावरच्या सगळ्या झोडपू नका. मूठभर घ्या, बाकीच्या तिथेच राहू द्या.